माईरोसच्या कानाला भोक

१ मे

ती. वालबोर्ग मावशीस,

आल्गोतचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलेला आहे. काल दुपारपासून कंबर सरळ होत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.)

आज कॅलेंडरात तुझं नाव, तेव्हा नामदिनाच्या शुभेच्छा. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेल्या काठीनं तू अजून माळ्यावरचे डबेच खाली ओढतेस, की तिच्यावर टेकून चालायलाही लागलीस? तुमच्याकडचा बर्फ गेला का? इथे नदी मोकळी झाली. माझी प्रकृती ठीक आहे. भूक लागत नाही, फोन वाजला की छातीत धडधडतं आणि ड्रिल मशीनचा आवाज नुसता आठवला तरी घाम फुटतो, बाकी उत्तम.

तू पत्राचं शेवटचं पान आधी वाचतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून पहिल्याच पानावर सांगून टाकतो की तुझं पुस्तक सुखरूप आहे. ('सुखरूप' या शब्दाकडे आपण नंतर येऊ.)

ते तू किती नाइलाजानं दिलंस हे मी विसरलेलो नाही. तीस उन्हाळे सायकल दामटत तू डोंगरातल्या चराईच्या वस्त्या पालथ्या घातल्यास आणि म्हाताऱ्या गुराखी बायांच्या तोंडून सहाशे बारा गाईंची नावं, त्यांना संध्याकाळी घरी बोलवायच्या हाकांसकट, उतरवून घेतलीस. ते सगळं विद्यापीठाला पाठवलंस, तर 'छंद म्हणून कौतुकास्पद, संशोधन म्हणून नाही' अशी एका ओळीची चिठ्ठी आली. मग तू शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर स्वतःच पन्नास प्रती काढल्यास, आणि त्यातल्या एकोणपन्नास प्रतींचा गावच्या वारसा मंडळाच्या तळघरात पाइप फुटून लगदा झाला. (मंडळाची अध्यक्ष तू, सचिव तू आणि सभेला हजर असलेली सभासदही बहुतेक तूच, तेव्हा पाइपाबद्दल तू कुणाला झापलंस ते मी कधी विचारलं नाही.) उरलेली एक प्रत, तुझ्या लाल पेन्सिलीच्या दुरुस्त्यांसह, आंतरग्रंथालयीन देवघेवीवर आमच्या कॉलेजात आली ती सात अटी घेऊन: स्कॅन करायचं नाही, झेरॉक्स नाही, पान दुमडायचं नाही, हातभर अंतरात शाई नाही, दोन हात अंतरात कॉफी नाही, बाहेर न्यायचं नाही आणि आल्गोतशिवाय कुणी हात लावायचा नाही. मावशी, पहिल्या सहा मी तंतोतंत पाळल्या. आणि भोकाचा त्यांत कुठेच उल्लेख नाही, एवढंच नम्रपणे नोंदवतो.

पुस्तक मागवलं होतं दीसासाठी. दीसा ही आमची पीएचडीची विद्यार्थिनी, गेली चार वर्षं तुझ्या हाकांवर काम करतेय. आमच्याकडे 'ग्रंथपालासोबत एक तास' नावाची सोय आहे. विद्यार्थ्यानं वेळ ठरवून यायचं, मी त्याला संदर्भ कसे शोधायचे, तळटीप कशी द्यायची ते सांगायचं, आणि तास भरला की त्यानं सगळं विसरून घरी जायचं. नियमानं सहामाहीला असे तीन तास मिळतात. दीसा आजवर एकशे सहा तास बसली. मी मोजले, पण वर कळवले नाहीत, कारण मला या पोरीचं फार कौतुक वाटतं. जूनपासून तिला जिल्ह्याच्या संग्रहालयात नोकरी ठरली आहे, फक्त त्याआधी पदवी हातात पाहिजे.

आमची रीत तुला माहीत आहेच. जाहीर परीक्षेच्या तीन आठवडे आधी प्रबंध ग्रंथालयातल्या लाकडी फळीवर खिळ्यानं ठोकायचा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही तो चाळता येतो. इंटरनेटवर टाकून भागत नाही, खिळा हवा. परीक्षा एकवीस मेला, म्हणजे खिळ्याचा शेवटचा दिवस काल, तीस एप्रिल. आणि काल संध्याकाळी सगळं गाव नदीकाठी वसंताची शेकोटी पेटवायला जाणार म्हणून ग्रंथालय तीनला बंद. तीनच्या आत खिळा बसला नाही, तर परीक्षा थेट सप्टेंबरात आणि नोकरी दुसऱ्याच कुणाला. छापखान्याची गाडी बाराला येणार होती. एक वाजला, दीड वाजला, गाडीचा पत्ता नाही. दीसाचा जीव टांगणीला लागला होता (या शब्दाबद्दल माफ कर, पण दुसरा शब्द नाही) आणि मी तिला दर पाच मिनिटांनी 'येईल गं' म्हणत होतो, ते ऐकून तिची उरलीसुरली आशाही जात होती.

त्याच दिवशी सकाळी मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला 'साधनांची पारख' या विषयावर व्याख्यान दिलं होतं, हे इथे सांगायला हवं. दर वर्षी देतो. त्यात माझं ठरलेलं वाक्य आहे: मुखपृष्ठावर विश्वास ठेवू नका, आतलं पान उघडा, हातात नेमकं काय आहे ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं. लक्षात ठेव तिला.

सव्वादोनला दीसाला नवीनच धास्ती लागली. पंचावन्नाव्या तळटीपेत तुझ्या पुस्तकाचं पान ८७ द्यायचं की ७८? चुकलं असेल तर प्रबंधात शुद्धिपत्रक घालायला हवं. मी कपाटाचं कुलूप काढून तुझं पुस्तक टेबलावर ठेवलं, इतक्यात खाली गाडीचा भोंगा वाजला. दोन वाजून वीस मिनिटं! ती जिना उतरून गेली काय आणि खोकं फोडून एक प्रत घेऊन वर आली काय, माझ्या टेबलावर प्रत टाकून, 'खिळ्यासाठी भोक पाडून घ्या, मी तोंड धुऊन येते' म्हणून गेलीसुद्धा.

आता एक गोष्ट तुला माहीत नाही. तुझा मान म्हणून दीसानं प्रबंधाचं मुखपृष्ठ हुबेहूब तुझ्या पुस्तकासारखं करून घेतलं होतं. तोच राखी रंग, मान वळवून मागे बघणारी तीच गाय, तेच नाव, 'माईरोस, घरी ये'. तिचं पोटशीर्षक आणि, तुझ्या पुस्तकावर आहे तसंच, लेखिकेचं नाव तेवढं तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. तिनं मला आधी विचारलं होतं आणि मी म्हणालो होतो, "फारच सुंदर कल्पना."

इमारतीची देखभाल आमचा रूने करतो. बत्तीस वर्षांत तो जेवढं बोलला ते एका पोस्टकार्डावर मावेल. तो ड्रिल घेऊन दारात उभा राहिला आणि नेमका माझा फोन वाजला. डीनबाई खालून ओरडत होत्या की सगळे जमलेत, केकचं क्रीम ओघळतंय, तुम्ही काय झोपलात का! मी फोन कानाला लावूनच टेबलावरचं पुस्तक उचलून पुढे केलं.

"हे?" रूनेनं विचारलं.

"हेच. बाहेरच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात पाड. टांगल्यावर खालून उचलून पानं चाळता येतात."

"नक्की?"

(बत्तीस वर्षांत त्यानं मला पहिल्यांदाच 'नक्की?' विचारलं. शहाण्या माणसानं तिथेच थांबायला हवं होतं.)

"अरे पाड बाबा एकदाचं!"

त्यानं पाडलं. सायक्लोस्टाइलचा तो जाड कागद, मशीन घुरघुरलं, धापा टाकू लागलं, मी मनात म्हटलं, हल्ली प्रबंधाला कागद चांगला वापरतात.

खाली गर्दी होती. नोंदणीच्या गुनवोरबाईंनी रीतीप्रमाणे पुस्तक हातात घेऊन, त्यावर जे होतं ते वहीत उतरवलं, शिक्का मारला, वेळ लिहिली: दोन चव्वेचाळीस. दीसाच्या डोळ्यांत पाणी तरळत होतं. तिनं तसेच चार ठोके घातले. टाळ्या पडल्या. डीनबाई बोलायला उभ्या राहिल्या. ज्या बायकांनी आयुष्यभर डोंगरात गाई राखल्या त्यांचं ज्ञान कुणीतरी घरोघर जाऊन, कान देऊन टिपून ठेवलं, आणि यालाच संशोधन म्हणतात, असं त्या म्हणाल्या. पुन्हा टाळ्या. मीही वाजवल्या, जोरात.

मग ती सकाळची मुलगी पुढे आली. मुखपृष्ठावर विश्वास ठेवू नका असं तिला सकाळीच शिकवलं होतं, तेव्हा तिनं फळीवरच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ खालून उचलून आतलं पान पाहिलं.

"यात एकोणीसशे चौऱ्याहत्तर का लिहिलंय?"

मावशी, फळीवर तुझं पुस्तक होतं. दीसानं आधी पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. घड्याळात दोन एक्कावन्न झाले होते.

"म्हणजे तुमचा प्रबंध अजून ठोकलेला नाही," गुनवोरबाई म्हणाल्या. "नऊ मिनिटं आहेत."

रूने पक्कड घेऊन खिळा उपसू लागला. पुस्तकाच्या वजनानं कोपरा फाटेल म्हणून मी खाली अर्धा वाकून दोन्ही तळहातांवर ते तोलून धरलं. चार मिनिटं तशीच. (कंबरेचा खुलासा झाला.) खिळा निघाला, तुझं पुस्तक मी छातीशी धरलं, वरून प्रबंध धावत आणला, रूनेनं ड्रिलचं बटण दाबलं तर मशीन गप्प. तुझ्या कागदानं बॅटरीचा जीव घेतला होता. चार्जर अंगणापलीकडच्या खोलीत आणि खोलीची किल्ली रूनेच्या कोटात, कोट घरी. डीनबाईंनी उंच टाचांचे बूट काढून हातोडी घेतली आणि भोकाशिवायच तीनशे पानांवर खिळा ठोकायला सुरुवात केली. पहिला खिळा वाकला. दुसरा शंभराव्या पानापर्यंत जाऊन रुतला. दोन अठ्ठावन्न. दीसा भिंतीला टेकून खाली बसली होती.

तेव्हा रूनेनं डीनबाईंच्या हातून हातोडी काढून घेतली, रुतलेला खिळा उपसला, प्रबंध उघडला, फक्त मुखपृष्ठ आणि पहिली वीस पानं फळीला लावली आणि तीन ठोक्यांत खिळा बसवला. उरलेला प्रबंध खाली लोंबत राहिला. सगळ्यांनी गुनवोरबाईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा लावला, नियमांची पुस्तिका उघडली, बोट ठेवून वाचली.

"प्रबंध ठोकलेला असावा, असं आहे. किती पानं, ते लिहिलेलं नाही."

आणि शिक्का मारला. दोन एकोणसाठ. दीसा तिथेच हुंदके देऊन रडली, डीनबाई एका पायात बूट घालून केक कापत होत्या, आणि मी तुझं पुस्तक घेऊन वर गेलो आणि दार लावून घेतलं.

'सुखरूप' म्हणजे असं: मजकुराच्या एकाही अक्षराला धक्का नाही. पण तू पानांचे आकडे वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात घातले होतेस, ते सगळे गेले. पहिल्यापासून शेवटपर्यंत. दीसाच्या प्रबंधात तुझ्या पुस्तकाच्या पानांचे एकशे त्रेचाळीस दाखले आहेत आणि ते पडताळता येतील असं एकही पुस्तक आता जगात नाही. मुखपृष्ठावर भोक बरोबर गाईच्या कानात पडलंय. रूने येऊन ते बघून म्हणाला, "बिल्ला लावायला होईल." मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि मी हातात काय आहे तेही पाहिलं नाही, याची मला फार लाज वाटते. तू रागावशील तितकं कमीच. एवढंच कर, माझ्याशी बोलणं टाकू नकोस.

तुझा भाचा,
आल्गोत

ता. क. सोबतच्या पाकिटात थोडा भुसा आहे. ते तुझे पानांचे आकडे. रूनेनं झाडून गोळा केले.

ता. क. २. आकडे तुझ्या हातानं लाल पेन्सिलीनं पुन्हा घालशील का? आणि ते ८७ की ७८, हे आता फक्त तूच सांगू शकतेस. दीसानं विचारायला सांगितलंय.

ता. क. ३. खरं काम पुढेच आहे. गुनवोरबाईंनी दोन चव्वेचाळीसला वहीत लिहिलं ते असं: 'वालबोर्ग नूर्लुंड. माईरोस, घरी ये.' शाईनं, शिक्क्यासह. सरकारी नोंद खोडता येत नाही. त्यांच्या मते तुझं पुस्तक रीतसर ठोकलं गेलंय, तेव्हा एकतर त्याची जाहीर चर्चा व्हायला हवी, नाहीतर लेखिकेनं ते लेखी मागे घ्यायला हवं. माघारीचा अर्ज त्यांनी दिलाय, तो जोडला आहे. फुलीच्या जागी सही करून पंधरा तारखेच्या आत पाठवायचा.

ता. क. ४. मावशी, सही करू नकोस. एकवीसला अकरा वाजता ये. दीसानं व्यासपीठावर दुसरी खुर्ची मांडायला सांगितली आहे. आणि तिला प्रश्न विचारायला जे प्राध्यापक येतायत ते त्याच विद्यापीठातून, ज्यानं तुला ती एका ओळीची चिठ्ठी पाठवली होती. चिठ्ठी घेऊन ये. लाल पेन्सिलही.