अधिक एकशे बारा

४ ऑगस्ट, सोमवार
अकरावीचे केमिस्ट्रीचे पेपर तपासले. शिसारी आली. एखाद्या क्रियेत किती उष्णता निघेल हे ती क्रिया न करताच काढता येतं. माहीत असलेल्या क्रिया घ्या, लागेल ती उलटवा, बेरीज करा. उलटवली की अधिकचं उणे. संपलं. पण अख्ख्या वर्गाने समीकरण उलटवलं आणि चिन्ह तसंच ठेवलं. अक्कल गहाण टाकून येतात. प्रत्येक पेपरवर लाल पेनने लिहिलं : चिन्ह कोण बदलणार? शेजारी? सगळ्यांना शून्य. हात दुखला.
प्राचार्य जिन्यात पडले. घोटा टम्म सुजलाय.

५ ऑगस्ट, मंगळवार
प्राचार्यांच्या पायावर कॅन्टीनच्या फ्रीजमधला बर्फ, कुणाच्या तरी रुमालात. त्याला वास येत होता. पाणी ठिबकत होतं ते नेमकं विभागप्रमुखाच्या नेमणुकीच्या फायलीवर. फायलीत नावं दोनच, मी आणि फिजिक्सवाला. फिजिक्सवाला गुडघ्यावर बसून रुमाल पिळत होता. लाळघोटेपणाची हद्द झाली. या माणसाच्या हाताखाली रिटायर व्हायचं? छे!
संकल्प : बर्फाशिवाय गार होणारी पिशवी. आतल्या पुडीत कोरडी पावडर, बाहेर पाणी. दाबली की पुडी फुटते आणि गार. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये सर्वांदेखत. खुर्ची माझीच.

६ ऑगस्ट, बुधवार
लॅबमध्ये कोरड्या कॅल्शियम क्लोराइडची बरणी मिळाली. ही पावडर पाण्यात विरघळली तर किती उष्णता, हा आकडा आपल्या भिकार पुस्तकात नाही. मला लागतही नाही. पाणी धरून बसलेले खडे तापवून कोरडे करायला उष्णता खर्च होते, अधिक ९७. मला याच्या उलटं हवं, कोरड्या पावडरने पाणी धरून खडे व्हायला, म्हणून समीकरण उलटवलं. ९७. मग ते खडे पाण्यात विरघळवायचे, अधिक १५. बेरीज अधिक ११२. अधिक म्हणजे उष्णता ओढून घेणार. बर्फाने तोंड लपवावं!
बायको म्हणाली, आधी एकदा करून बघा ना. कपाळावर हात मारून घेतला. करूनच बघायचं तर गणित कशाला केलं? प्रॅक्टिकल मी कित्येक वर्षांत केलेलं नाही. ते हात खराब करायचं काम आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार
पिशव्या भरल्या. एक प्राचार्यांना, एक जादा. बायकोची कटकट सुरू : पावडरचा चमचा धुवायला घेतला तर चटका बसला म्हणे. गिझर चालू राहिला असेल. तिची कंबर धरली आहे, त्यामुळे तोंड सुटलंय. या घरात विज्ञानाला काडीची किंमत नाही.
भाषण पाठ केलं. आभाराचंही.

८ ऑगस्ट, शुक्रवार
प्राचार्यांचा पाय स्टुलावर. मी सगळं गणित तोंडपाठ सांगितलं, पिशवी दाबली आणि पट्टीने घोट्याला करकचून बांधली. प्राचार्य आधी कौतुकाने हसले. मग म्हणाले, कोमट वाटतंय. मी सांगितलं, फार गार असलं की सुरुवातीला तसं वाटतं, धीर धरा. त्यानंतर ते जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. गाठ सुटेना. शेवटी फिजिक्सवाल्याने कात्रीने पट्टी कापली. मीटिंगला कोण कात्री घेऊन येतं? मला तिथेच संशय आला.
घोटा लालबुंद. बरणीवर लेबल चुकीचं लावलेलं असणार. सप्लायर एक नंबरचे भामटे.

११ ऑगस्ट, सोमवार
फिजिक्सवाला विभागप्रमुख झाला. प्राचार्यांनी लंगडत येऊन त्याचा हात हातात घेतला.
माझी चूक नाही हे निदान वर्गाला तरी कळावं, म्हणून सगळं गणित फळ्यावर मांडलं. उलटवलेल्या समीकरणापुढे ठसठशीत ९७ लिहिले आणि वळलो. मग पहिल्या बाकावरची, शून्य मिळालेली, एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, चिन्ह कोण बदलणार?"
मागून अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "शेजारी?"
फळ्याकडे पाहिलं. उणे ९७ आणि अधिक १५. उणे ८२. म्हणजे गरम. चांगलंच गरम. बरणीत काही खोट नव्हती.

१२ ऑगस्ट, मंगळवार
रजा टाकली. जादाची पिशवी फेकून द्यायला शोधली तर सापडेना. बायकोने टॉवेलात गुंडाळून कंबरेला बांधली होती. म्हणाली, इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा सरळ उभी राहिले, तुमच्या शिक्षणाचा काहीतरी उपयोग झाला. आणखी दोन करून हव्या आहेत. एक तिला, एक शेजारच्या वहिनींना.
हो म्हणालो. पावडर लॅबमधूनच आणावी लागेल. त्यासाठी अर्जावर विभागप्रमुखांची सही लागते.