पेशीतलं निळं कडं

मंगळवार, ३ फेब्रुवारी

प्रिय कागद्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर आजाराचं नाव काढलं की तुझं "हॅलो, ऐकू येत नाही" सुरू होतं. पत्रापुढे ते सोंग चालत नाही.

तुझी बायको म्हणाली, जिना चढताना तुला धाप लागते आणि तू लोहाच्या गोळ्या खातोस. शाबास! लहानपणी तू कागदासारखा पांढरा, म्हणून आई रोज ते लोहाचं काळं टॉनिक पाजायची, आठवतं? गुळणी धरून तू गॅलरीत पळायचास आणि गुलाबाच्या कुंडीत थुंकायचास. मी दाराशी पहाऱ्याला. "ताई, आई येतेय का बघ गं!" पोट दुखेपर्यंत हसायचो रे आपण. ते दिवस फार आठवतात हल्ली.

तुझा भाचा मात्र गुणी निघाला. तोही तसाच फिकट, तसाच दमणारा. डॉक्टरांनी लोह दिलं, ते त्याने वर्षानुवर्षं मुकाट घेतलं.

मागच्या महिन्यात लॅबमध्ये हाडातल्या मगजाची एक स्लाइड माझ्याकडे आली. लोह दिसावं म्हणून आम्ही तिला निळा रंग देतो. बघते तर कोवळ्या तांबड्या पेशींत केंद्रकाभोवती निळ्या ठिपक्यांचं कडं! म्हणजे लोह भरपूर, पण पेशीला ते वापरताच येत नाही. ताट वाढलेलं आणि तोंडाला कुलूप. असं क्वचित दिसतं. मी आनंदाने ओरडले, "या रे सगळे, असं पुन्हा बघायला मिळायचं नाही!" अगदी चहावाल्यालाही दाखवलं.

स्लाइडवर नाव नसतं, नंबर असतो. तो लिहून घ्यायला गेले आणि पेन तसंच खाली ठेवलं. आदल्या दिवशी तोच नंबर मी माझ्या लेकाच्या पावतीवर वाचला होता. त्याची स्लाइड मोठ्या साहेबांकडे जायची ठरली होती, चुकून माझ्या ट्रेमध्ये आली.

तेव्हा सगळे ठीक नाहीत, कागद्या. न वापरलेलं लोह त्याच्या यकृतात साठलंय. आता बी-सहा जीवनसत्त्व सुरू केलंय, रक्त थोडं वाढतंय. हा दोष आपल्या आईकडून, माझ्यामार्फत त्याच्यात आलेला, आणि तो धरतो मुलग्यांना. तिला बोल लावू नकोस, तिने मायेनंच पाजलं. पण तू आजच डॉक्टरांना विचारून ती गोळी थांबव आणि इकडे निघून ये. आधी नुसतं रक्त घेतील. तेवढ्यावर भागलं तर देव पावला.

मगज काढायची वेळ आलीच, तर तुझी स्लाइड मी बघणार नाही. बाहेर बाकावर बसेन, बाकीच्यांच्या बहिणी बसतात तशी.

तुझी, घाबरलेली,
ताई