ब्रेक ऑइल आणि शीला

३ फेब्रुवारी, सोमवार
शीला मोहन्याला गेली. माहेरी. मोठी बॅग घेतलीय, पण ती छोट्या बॅगेची चेन तुटली म्हणून. कारण क्लिअर आहे: ब्रेक. परवा कळव्याच्या पुलावरून उतरताना पेडल एकदम खाली गेलं आणि आपला ट्रक पुढच्या रिक्षाला टेकला. नुसता टेकला. रिक्षावाला बोंबलत होता, शीला शेजारी गप्प बसलेली. म्हणजे घाबरलेली. ठरलं. ब्रेक करायचा, फोन करायचा, बाई घरी. रविवारपर्यंत विषय संपला.

४ फेब्रुवारी
ब्रेक ऑइलची डबी उघडली. रिकामी! म्हणजे लीकेज वगैरे काही नाही, ऑइल संपलेलं. जुनी गाडी आहे, पिणारच. ब्रेकचं ऑइल घरात नव्हतं, इंजिनचं होतं. ओतलं. ऑइल ते ऑइल. शीलाला फोन करून सांगितलं. म्हणाली, बरं. खूश वाटली.

७ फेब्रुवारी
मागच्या डाव्या चाकाखाली डाग. पाणी असणार. बोट लावून बघितलं तर चिकट. शेजारच्या कलावतीकाकू म्हणाल्या, अरे पोपट, हा डाग दिवाळीपासून आहे, शीला रोज पावडर टाकून घासायची, तुला सांगितलं पण होतं तिने. मला आठवत नाही. घरात दिवसभर काही ना काही बोलणं चालूच असतं, सगळं कुठे लक्षात ठेवणार.

९ फेब्रुवारी, रविवार
चाक खोललं. ड्रम निघता निघेना, हातोडी अंगठ्यावर. आत सगळं ओलं. व्हील सिलिंडरची रबरं पुरीसारखी टम्म फुगलेली. पार्टवाल्याला दाखवली तर विचारतो, कोणत्या शहाण्याने ह्यात इंजिन ऑइल टाकलं? मी म्हटलं, हल्ली लोक काहीही करतात. आता सगळीच रबरं नवी, वरच्या मास्टर सिलिंडरची पण.
शीलाचा फोन नाही. मोहन्याला नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल. स्टेटस मात्र रोज दिसतं.

१३ फेब्रुवारी
रबरं बसवली. स्वतः! यूट्यूब बघून. आता फक्त ब्रेकची एअर काढायची. त्याला माणसं दोन लागतात. एकाने वर पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी निपल ढिला करून हवा सोडायची. खाली मी, वर कायम शीला. दाब म्हटलं की दाबायची, सोड म्हटल्याशिवाय पाय काढायची नाही.
आज चाळीतल्या बंटीला बसवला. जिमला जातो, पायात जोर आहे. डोक्यात नाही. मी धर, धर ओरडतोय आणि ह्याने फोन आला म्हणून पाय काढला. हवा परत आत. थोडं ऑइल माझ्या तोंडात.

१४ फेब्रुवारी
माणसाची गरजच काय? सीट आणि पेडलच्या मध्ये फळी ठोकली. फळी निसटून हॉर्नवर बसली. अख्खी चाळ बाहेर.
शेवटी शीलाला फोन केला. म्हटलं, अगं, एकदा येऊन पेडल दाब. बाकी काही नको. म्हणाली, रविवारी येते, माझं पण तुमच्याकडे काम आहे.
येतेय! आणि कबूल कधी केलं, तर आजच्या तारखेला. शीला अशी गोष्ट उगाच करत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ट्रकखाली झोपलो. शीला वर बसली. दाब. धर. सोड. एकदाही चुकली नाही. बुडबुडे संपले, पेडल कडक. मी खालूनच म्हटलं, बघ, आता घाबरायचं काम नाही, घेऊन ये बॅग.
वरून म्हणाली, अहो, मी ब्रेकला कधी घाबरलेच नाही. दिवाळीपासून लीक लीक सांगतेय, तुमचं आपलं पाणी असेल, पाणी असेल. प्रत्येक गोष्टीत तेच. दमले मी. मग म्हणाली, ब्रेक झालेतच तर माझं कपाट आणि शिलाई मशीन पोचवाल का मोहन्याला?
मी निपल परत एकदा आवळला. मग म्हटलं, हो. ट्रायल तर घ्यावीच लागते.

१७ फेब्रुवारी, सोमवार
ब्रेक फर्स्ट क्लास. शहाडच्या ट्रॅफिकमध्ये किती वेळा दाबला, पेडल एकदाही पार खाली गेलं नाही. शीला शेजारी, कपाट आणि मशीन मागे. मला वाटलेलं सामान माहेरी उतरवायचं. तिने पुढच्या गल्लीत थांबवलं. भाड्याची खोली. पर्समधून चावी काढून तिनेच उघडली. आत भांडी लावून झालेली. खिडकीला मोरपंखी पडदे, झालर लावून शिवलेले. दोन दिवसांत होणारं काम नाही ते. मशीन तर आजपर्यंत आमच्याकडेच होतं, म्हणजे जायच्या आधीच शिवलेले.
काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, रंग छान आहे. म्हणाली, मला पहिल्यापासून हाच आवडतो. मग म्हणाली, सावकाश जा.
घरी आलो. खूप रडलो.
आमचे पडदे पिवळे आहेत. मी आणलेले.