लॅक्रॉसची जाळी

१८ नोव्हेंबर, मंगळवार. अक्कलकुवा.

लॅक्रॉस शिकवायला पुण्याहून आलेला तो प्रशिक्षक म्हणजे नुसता तोरा. गॉगल डोक्यावर, आणि आमच्या आश्रमशाळेच्या मुलींपुढे तासभर ज्ञान पाजळलं. हा खेळ मूळचा अमेरिकेतल्या आदिवासींचा. लाकूड वाकवून, टोकाला कातड्याच्या वाद्यांची जाळी विणून चेंडू झेलायच्या काठ्या ते स्वतःच करायचे. मग गोऱ्यांनी नियम लिहिले आणि स्पर्धांतून त्यांनाच बाहेर काढलं. "असा खेळ सुधारला," म्हणे! ज्यांचा खेळ तेच कुंपणाबाहेर, ही सुधारणा?

सरावात एका काठीची जाळी फाटली. मणिबेलीच्या सुनीताचे वडील धरणाच्या पाण्यात मासे धरतात. तिने दप्तरातून नायलॉनचा दोरा काढला, घरच्या जाळ्याला मारतात तशा गाठी मारल्या आणि जाळी पुन्हा उभी केली. चेंडू अलगद बसला. पोरीचं तोंड काय फुललं होतं!

साहेबांनी काठी दोन बोटांनी उचलली. "हे नियमात बसत नाही. कापा."

तासापूर्वी स्वतःच सांगितलेलं ह्या दीडशहाण्याला आठवूही नये? डोकं की रिकामा डबा? आणि चेंडू बसला होता की त्या जाळीत!

घरी बायकोपुढे त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ती जाळी कापी कोनी?"

मी पाणी मागितलं.

कात्री माझीच, प्रथमोपचाराच्या डब्यातली. "हो सर" म्हणून मीच कापली. मला सोपं जावं म्हणून सुनीताने काठी घट्ट धरून ठेवली होती.