जोडीचा अँप्लिफायर

ता. ३ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र उघडताच तू म्हणशील, काम निघाल्याशिवाय हिला मामा आठवत नाही. खरं आहे, आधीच कान पकडते. येत्या महिन्याच्या वीस तारखेला आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. हॉल ठरला, जेवण ठरलं. मग डीजेनं चार तासांचा जो आकडा सांगितला, तो ऐकून मी फोन कानापासून लांब धरला. हॉलचं भाडंही तेवढं नाही! बाबा म्हणाले, लावायला एवढे घेतो, तर बंद करायला किती घेईल? दादाचं म्हणणं, फोनवर गाणी आहेतच, एक स्पीकर आणला की झालं.

तू तीस वर्षं लाउडस्पीकर भाड्यानं दिलेस. तूच सांग, हा माणूस मला टोपी घालतोय का? आणि तू येतोयस ना? आईनं मला तीनदा विचारलंय.

उत्तर लवकर दे आणि माया नेहमीसारखी ठेव.

तुझी चिमणी


ता. ९ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

टोपी घालत नाही गं. तुला चार तास दिसतात, त्याचे नऊ होतात. सामान टेम्पोत चढवायचं, तुमच्या दारात उतरवायचं, तारा अंथरायच्या, रिकाम्या हॉलमध्ये आवाज बघायचा आणि शेवटी पुन्हा सगळं गुंडाळायचं. दोन माणसांची मजुरी, टेम्पोचं भाडं, शिवाय कुणी सरबत सांडलं की बिघडणारी यंत्रं. सुट्टीच्या दिवसाचा दर चढाच असतो, कारण त्याला चार ठिकाणांहून बोलावणं असतं. हॉल वरच्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल तर आधीच सांग, नाहीतर जिन्यात उभं राहून वाद होतात. वेळ वाढली तर तासाला किती, हे लिहून घे. दिवे आणि धूर यांचे पैसे वेगळे असतील तर ते काढ. सत्तरीच्या माणसांना धुरात खोकायला लावून काय मिळणार?

दादाला म्हणावं, ऐन रंगात तुझ्या बायकोचा फोन आला तर सगळा हॉल ऐकेल. आणि म्हातारी माणसं दमली, आता काहीतरी संथ लावावं, हे फोनला कळत नाही. मी रेकॉर्ड लावायचो तेव्हा पाहुण्यांच्या पायांकडे बघायचो. टाचा हलू लागल्या की समजायचं, जमलं. फार सुखाचे दिवस होते ते. अजून आठवले की बोटं आपोआप सुई उचलायला जातात.

आता महत्त्वाचं. जोडीला दुसरा अँप्लिफायर आणतो का, ते विचार. हो म्हणाला तर घासाघीस करू नकोस. तुझ्या आईच्या, म्हणजे आमच्या ताईच्या, लग्नात तिचं माझ्याकडे एकच मागणं होतं. आमची आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तिची आवडती बासरीची रेकॉर्ड मी सासरी निघायच्या आधी लाव, म्हणाली होती. माझ्याकडे अँप्लिफायर दोन. चांगला मी त्याच संध्याकाळी एका पैसेवाल्या गिऱ्हाइकाला दिला. घरचं काम फुकटचं, जुन्यावर भागेल, असं म्हटलं. जुना ऐन वेळी जळला. मी चांगला आणायला सायकल दामटली, परत आलो तर ताई निघून गेलेली.

ती कधी चकार शब्द बोलली नाही. पन्नास वर्षं मी तिच्या घरी येतो, पोटभर जेवतो, पण त्या दिवसाच्या समारंभाला येऊन बसायला मला तोंड नाही. गुडघे दुखतात म्हणून सांग. आणि हे तिला वाचून दाखवू नकोस.

डीजेच्या आकड्यात कपात होवो, माझ्या आशीर्वादांत होणार नाही.

भोंगामामा


ता. १४ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

दिवे आणि धूर काढले, पाचवा हिस्सा उतरला. हॉल तळमजल्यावरच आहे. दुसरा अँप्लिफायर आणतो म्हणाला आणि वर मलाच विचारलं, तुम्हाला हे शिकवलं कुणी? गिऱ्हाइकं म्हणे फक्त 'अजून कमी करा' एवढंच म्हणतात. बाबाही आता त्याची बाजू घेतात.

रागावू नकोस, पण तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. गुडघ्यांचं सांगायला गेले, तर म्हणाली, त्याचे गुडघे मला ठाऊक आहेत, पत्र आण. ऐकून झाल्यावर तिनं कागद मागितला आणि ती गॅलरीत जाऊन लिहायला बसली. तिचं पत्र सोबत घातलंय. मी वाचलेलं नाही.

हवं तर रागाव, पण अबोला धरू नकोस.

तुझी चिमणी


(सोबतचं पत्र)

प्रिय भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

राग आला होता. खोटं कशाला बोलू? चांगला अँप्लिफायर कुठे गेला ते मला दोनच दिवसांत कळलं होतं. तुझ्या त्या गिऱ्हाइकाची बायको माझ्याच शाळेत शिकवायची. पुढे दोन वर्षं मी तुझ्याशी हसून बोलले ते वरवरचं.

पण तुला एक गोष्ट माहीत नाही. तू सायकलवर गेलास आणि हॉल गप्प झाला. मी दाराशी उभी, रडू आवरत. तेवढ्यात आपले बाबा पुढे आले. जन्मभर टपाल कचेरीत शिक्के मारलेला माणूस, घरात कधी साधी शीळ घातली नाही. आई ती रेकॉर्ड लावायची तेव्हा 'बंद कर ती पिरपिर' म्हणून ओरडायचे, आठवतं ना? त्यांनी माझा हात धरला आणि तोंड मिटून ती चाल गुणगुणायला लागले. मध्ये एकदा चुकले, थांबले, मागून पुन्हा धरली आणि शेवटपर्यंत नेली. त्यांना ती अख्खी पाठ होती रे.

ते तुला सांगणार नव्हतेच, त्यांचा स्वभाव तू जाणतोस. सांगायचं मी. पण रागाच्या भरात ठरवलं, ह्याला नाही सांगायचं, हे माझं एकटीचं. राग ओसरेपर्यंत बाबा गेले आणि मग मलाच तोंड उरलं नाही. तू एक संध्याकाळ चुकलास. मी आपले बाबा पन्नास वर्षं तुझ्यापासून लपवून ठेवले.

वीस तारखेला ये. लोभाची विनंती नाही, थोरल्या बहिणीचा हुकूम आहे. त्या डीजेला मी पाच मिनिटं यंत्र बंद ठेवायला सांगणार आहे; तेवढ्याचे जास्त पैसे घेतो का, ते तूच विचार. ती चाल मला बाबांसारखीच येते. ते चुकले तिथे मीही चुकते, थांबते आणि मागून पुन्हा धरते. तुला ऐकवायची आहे.

ताई