उदबत्तीचं कारण

१२ जुलै १९८८, मंगळवार

पुन्हा बंद! सकाळी सव्वाअकराला. खानापूर तालुक्यातले सभासद निम्मे भरून झाले होते. फ्लॉपी आत घातली, करकर आवाज आला आणि पडद्यावर तीच ओळ — डिस्क वाचता येत नाही. खटका बंद केला, चालू केला, हात जोडायचे तेवढे राहिले. दोन दिवसांचं काम गेलं.

मारुतीराव मॅनेजर दारात येऊन उभे राहिले. चपला बाहेर काढून! आमच्या सहकारी संघात कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून कुणी येत नाही, अध्यक्षसुद्धा. म्हणाले, "काय बाई, परत रुसलं व्हय?" हसले, पण वरवरचं. एप्रिलमध्ये कंपनीचा इंजिनिअर बेंगळूरहून आला होता, तो कागदावर लिहून गेला — ऑपरेटरची चूक. ऑपरेटर म्हणजे मीच, दुसरं आहे कोण? आणखी एकदा तसं लिहून आलं तर मी परत आवक-जावकला. दिवसभर टपालावर शिक्के मारायचे. अध्यक्षांचा भाचा बी.कॉम. होऊन घरी बसलाच आहे, तो येईल या खुर्चीत.

नाही उठणार मी! तीन आठवडे पुण्याला जाऊन शिकून आले. अख्ख्या संघात हे मशीन मला एकटीला येतं. चूक माझी नाही, मशीनची आहे. पण ते सिद्ध करायचं चौदा डिसेंबरच्या आत. त्या दिवशी वॉरंटी संपते.

१५ जुलै

बेंगळूरला ट्रंककॉल. अडीच तासांनी लागला. "इंजिनिअर टूरवर आहे." बरं, कुठल्या टूरवर? फोन कट.

२१ जुलै, गुरुवार

इंजिनिअर आला. लोंढ्याला गाडी चार तास अडकली म्हणून आधीच वैतागलेला. मशीन चालू केलं — आणि काय चाललं म्हणून सांगू! एकदा नाही, वीस वेळा फ्लॉपी घातली, वीस वेळा वाचली. डॉक्टर दारात आला की पोराचा ताप उतरतो, तसं. मी आपली सांगतेय, आवाज असा येतो, ओळ अशी येते. तो मारुतीरावांकडे बघून कानडीत बोलतोय, जणू मी खोलीत नाहीच. मला कानडी येतं की! "या बाई फ्लॉपी जोरात ढकलत असतील," म्हणाला.

मशीन उघडलंही नाही. कागदावर लिहिलं: दोष आढळला नाही. निदान माझं नाव नाही. पण जाताना मारुतीरावांना म्हणाला, पुढच्या वेळी काय ते स्पष्ट लिहावं लागेल.

तो गेल्यावर मष्णूमामा चहा घेऊन आला. आमचा शिपाई. "दृष्ट लागली आसंल, बाई. लई लोकं बघूलेत त्येला." मी म्हटलं, मामा, लोखंडाला कसली दृष्ट? तर म्हणतो, "लोखंडाला न्हाय वो. तुमाला." मला हसू आलं आणि थोडं रडूही. संघात लागले त्या दिवशी माझा कप वेगळा ठेवायचा की कसं यावर आत कुजबुज चाललेली मी ऐकली होती. मष्णूमामाने काही न बोलता तो सगळ्यांच्या कपांत विसळून ठेवला. अकरा वर्षं झाली त्याला.

१ ऑगस्ट

बंद. पुन्हा ट्रंककॉल. सोळा तारखेला येतो म्हणाले.

३ ऑगस्ट, बुधवार

सापडलं! कारण सापडलं!

आज पावणेदहालाच गेले. बघते तर मष्णूमामा अनवाणी, डोक्याला टोपी, हातात तीन उदबत्त्या. पडद्याला ओवाळलं, मग फ्लॉपीच्या फटीपुढे तीनदा, अगदी जवळून. राख पडली ती फुंकरीनं उडवली. आत! मी दारातूनच विचारलं, "मामा, हे कधीपासून?" तो दचकला. "मशीन आलं तवापासनं. रोज सकाळी. तुमचंच नाव घेतो, बाई."

तो गेल्यावर फटीच्या ओठावर बोट फिरवलं. करडी राख, चिमूटभर.

आप्पा सांगायचे, "शकू, देव न्हाय, भूत न्हाय. कारण असतंय. कारण शोध." लोंढ्याला रेल्वेत गँगमन होते, चार इयत्ता शिकलेले, पण देव्हाऱ्यातले सगळे टाक त्यांनी धम्मदीक्षेनंतर स्वतः पोत्यात बांधून नदीत सोडले. आज मला त्यांची फार आठवण आली. आप्पा, सापडलं बघा.

४ ऑगस्ट

मामाला सांगितलं, आजपासून उदबत्ती नको, धुरानं मशीन बिघडतं. तोंड उतरलं त्याचं. "बरं," एवढंच म्हणाला.

१२ ऑगस्ट

नऊ दिवस झाले. एकदाही बंद नाही! आणखी काय पुरावा पाहिजे? खानापूर संपलं. बैलहोंगल घेतलं.

१६ ऑगस्ट, मंगळवार

झालं एकदाचं. नीट लिहून ठेवते.

इंजिनिअरने या वेळी मशीन उघडलं. आतली कार्डं काढली, ब्रशने पुसली, परत दाबून बसवली. मारुतीराव बाजूला उभे. त्याने तो छापील कागद काढला, पेन काढलं, आणि मला माहीत होतं तो काय लिहिणार. तेव्हा मीच म्हटलं — रोज सकाळी या फटीसमोर उदबत्ती लावली जात होती. आत राख जाते. बंद केल्यापासून मशीन चाललंय.

त्याचा चेहरा एकदम खुलला! मला वाटलं होतं हुज्जत घालेल. उलट म्हणाला, अगदी बरोबर मॅडम, असंच असणार. पहिल्यांदाच मला मॅडम म्हणाला. भराभर लिहिलं: ग्राहकाच्या हयगयीमुळे ड्राइव्हमध्ये धूर व राख. वॉरंटीत बसत नाही. ड्राइव्ह नवा विकत घ्यावा लागेल.

मारुतीरावांनी मला एवढंच विचारलं, "उदबत्ती कोण लावत हुतं?"

माझ्याकडे उत्तर द्यायला वेळ होता. खोटं बोलायची गरज नव्हती, 'ठाऊक नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी नाव सांगितलं. खरं तेच सांगितलं ना? मग जाताना मामाला न भेटता मागच्या दाराने का निघाले?

१९ ऑगस्ट

मष्णूमामाची बदली. जांबोटीच्या गोदामावर, सोमवारपासून. हुकूम मारुतीरावांनी माझ्याकडेच टाइपला दिला. दोन प्रती. "सबब" या शब्दावर दोनदा चुकले.

संध्याकाळी मामा त्याच्या बसायच्या पेटीवरचा टॉवेल घडी करत होता. "जांबोटीला पाऊस लई," एवढंच बोलला. मी म्हटलं, मामा, मला तसं नव्हतं करायचं. "व्हय की, बाई. तुमी काय केलं? मशीनच नाजूक."

३० ऑगस्ट

नवा ड्राइव्ह बसला. एकदम सुरळीत. खोलीला काचेचं दारही लावलं. आता इथे धूर म्हणून यायचा नाही.

१४ सप्टेंबर

खासबागच्या नळावर यशोदाबाई भेटल्या, मष्णूमामाच्या. गुडघे दुखतात, दोन घागरी ठेवत-ठेवत नेत होत्या. मामा पंधरा दिवसांतून एकदा येतो. पावसात बस अर्ध्यावरच थांबते, मग चालत. मी एक घागर घेतली. त्या नको-नको म्हणत होत्या, पण रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुला कारण गावलं म्हन्तीस. मला तर मानूस गावल्यागत दिसतंय." तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. माझी आई तानीबाई शाळेत एक दिवस गेली नाही, आणि बोलते ती अशी!

१८ ऑक्टोबर

सातही तालुक्यांची यादी पूर्ण. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. भाच्याला कुठल्याशा पतपेढीत लावलंय म्हणे.

९ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा.

करकर आवाज, तीच ओळ. नवा ड्राइव्ह. काचेचं दार. उदबत्ती नाही, मष्णू नाही.

कुणाला सांगितलं नाही. खटका बंद करून चालू केला, चाललं.

११ नोव्हेंबर

दोनदा. आजही सांगितलं नाही. कुणी विचारलं तर "चाललंय" म्हणते. मीच केलेलं निदान मलाच खोटं ठरवायचं आहे, आणि हात फोनकडे जात नाही. चौदा डिसेंबर जवळ येतोय.

१४ नोव्हेंबर

केला फोन.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

तोच इंजिनिअर. मी काही सांगायच्या आत त्याने आतलं एक कार्ड काढलं आणि बॅगेतून नवं काढून बसवलं. दहा मिनिटं! "कंट्रोलर कार्ड," म्हणाला. "ड्राइव्ह चालवतं ते. या बॅचचे सगळेच असे. हुबळी, दावणगेरे, सगळीकडे बदलले. फुकट, वॉरंटीत."

मी विचारलं, कधी कळलं? तो बेसावध होता, बोलून गेला. "जूनमध्ये पत्र आलं कंपनीचं."

जूनमध्ये! म्हणजे जुलैत आला तेव्हा माहीत होतं, ऑगस्टमध्येही माहीत होतं. मी म्हटलं, मग उदबत्ती? राख? तो बॅगेची चेन लावत हसला. "तेव्हा कार्ड शिल्लक नव्हते, मॅडम. काढून दाबून बसवलं की महिना-दोन महिने चालतं. आणि कारण तर तुम्हीच दिलं. मी काय नाही म्हणायचं?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे दोर मीच नेऊन दिला. नऊ दिवस मशीन चाललं, लगेच पुरावा! दृष्ट लागली म्हणणाऱ्या मामाला मी हसले होते. माझं तरी वेगळं काय झालं? देवाधर्माची वस्तू दिसली आणि मला मनातून फार बरं वाटलं, की दोष हिच्याच माथी. आप्पांनी कारण शोध म्हणून सांगितलं होतं. मी आवडतं कारण उचललं.

२६ नोव्हेंबर, शनिवार

मारुतीरावांना सगळं सांगितलं. मष्णूमामाची बदली रद्द करा म्हटलं. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, "मिटलंय न्हवं आता? बोर्डापुढं न्यायचं तर लेखी पायजे. उदबत्तीचं कारण कुणी दिलं, तेबी आलं त्यात. नवा ड्राइव्ह संघानं उगंच घेतला, तेबी आलं. मग मी काय तुमास्नी वाचवू शकणार न्हाय." वाईट मनाने नाही बोलले. खरंच बोलले.

अर्ज लिहिलाय. हाताने, दोन पानं. पर्समध्ये आहे. दिला तर मी परत शिक्के मारणार. नाही दिला तर कुणालाही कळणार नाही, मामालासुद्धा. उद्या रविवार. जांबोटीला जाऊन यावं. त्याच्या तोंडावर सांगून टाकलं की मग धीर होईल, किंवा होणार नाही.

२७ नोव्हेंबर, रविवार

मामाला सगळं सांगितलं. गोदामाच्या पायरीवर बसून. तो पायरीवर सांडलेले दाणे वेचत ऐकत होता. मग म्हणाला, "मला ठावं हुतं, बाई. जूनमधी मी पंधरा दिस रजेवर हुतो, लेकीच्या बाळंतपणाला गेलतो. खोलीला कुलूप, किल्ली तुमच्याजवळ. उदबत्ती कुणी लावली? आन् दोनदा बंद पडलं हुतं की तवा, आल्यावर तुमीच सांगितलंसा."

मग बोलला का नाहीस? मी जवळजवळ ओरडलेच.

"कुणाचं तर नाव लागणारच हुतं. तुमचं लागलं आसतं तर त्या खुर्चीत परत आपल्यातलं कोण बसलं आसतं? मी शिपाई. हितं काय, तितं काय."

घरी येऊन याच वहीची मागची पानं उलटली. सात जून, मशीन बंद. दहा जून, मशीन बंद. आणि दोन्ही दिवशी खाली माझ्याच अक्षरात — मामा रजेवर, चहा नाही.

अर्ज उद्या दहा वाजता देते.