कर्नाळ्याचा दुसरा चढ

१७ ऑगस्ट १९९०
वहीबाई, माफ कर. पंधरा दिवस तुला हात लावला नाही. अब्दुलचा पोरगा ओवेस कुवेतला अडकलाय. तिकडे लढाई. पत्र नाही, तार नाही. अशात माझ्या गुडघ्याचं काय लिहायचं? तरी लिहितोय, कारण गुडघाच दुखतोय आणि परवा सायकली काढायच्या आहेत.

श्रावणातल्या शेवटच्या रविवारी आम्ही तिघे कर्नाळ्याची खिंड चढतो — मी, अब्दुल आणि गव्हाणचा सुदाम. बावीस वर्षं झाली. नियम माझा: चढावर एकानं जरी पाय टेकला तरी तिघांनी पायथ्याला जाऊन पुन्हा चढायचं. सातवी नापास माणसाच्या हाती कायदा दिला की असं होतं.

अब्दुल नको म्हणत होता. ओवेसचा फोन आला तर शेजारी हरेशच्या मेडिकलमध्येच येणार. मी म्हटलं, "साडेदहाला परत येतो. तू राखण बसलास म्हणून काय फोन लवकर वाजणार आहे?"

१८ ऑगस्ट
दिवसभर पाऊस. ब्रेक चार वेळा तपासले. शांती म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हासुद्धा एवढं निरखून बघितलं नव्हतंत."

१९ ऑगस्ट, रविवार
कसं लिहू.

वारा असा, की पेडल मारूनही सायकल जागच्या जागी. सुदाम पुढे, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ. शेवटच्या वळणाआधी ट्रकनं मागून हॉर्न दिला आणि माझा डावा पाय टेकला. क्षणभरच.

सुदाम म्हणाला, "नाना, चल. मी काय बघितला नाय."

अब्दुल घड्याळ बघत होता. "मीपण नाय."

इथे गप्प बसला असता तो शहाणा. मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम." बावीस वर्षांत माझा पाय कधी टेकला नव्हता. टेकलाच, तर मी किती सच्चा ते दोघांना दाखवायचं होतं. अब्दुलनं सायकल वळवली आणि खाली निघाला.

दुसऱ्यांदा वर पोचतो तो मागून हरेशची स्कूटर. माणूस चिंब. "अब्दुलचाचा, साडेनऊला ओवेसचा फोन आला. जॉर्डनच्या हद्दीवर आहे म्हणाला. अकराला परत करतो, अब्बांना बसवून ठेवा, म्हणाला." अब्दुलची बायको, ताहिराभाभी, उरणला बहिणीकडे. साडेदहापर्यंत आमची वाट बघून, शेवटी दुकानाला कुलूप लावून हा आम्हाला शोधत आला होता.

तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

अब्दुल स्कूटरवर बसून गेला. दोन हातांत दोन सायकली धरून मी पनवेलपर्यंत चालत आलो. सुदाम शेजारून हळूहळू सायकल चालवत होता. म्हणाला, "आता टेक पाय. टेक हवं तेवढं."

२० ऑगस्ट
अकराचा फोन आला का, हे कुणाला विचारायची छाती नाही. अब्दुलची सायकल पुसून ठेवली.

२१ ऑगस्ट
अब्दुलच्या दारावरून जायला लागू नये म्हणून बाजारात तळ्याकडून वळसा घालून गेलो. शांती म्हणाली, "एवढं फिरून आणलीत, तर भेंडी तरी कोवळी आणायची."

मला सारखं दिसतं. बंद दुकानात फोन वाजतोय. तिकडे पोरगा रिसीव्हर धरून उभा आहे. आणि मी नियम सांगतोय.

२२ ऑगस्ट
अब्दुल स्वतःच आला, सायकल न्यायला.

"लपून काय बसलास, नाना? रविवारी साडेदहाला हरेश निघाला आणि लगेच आमच्या गल्लीत झाड पडलं. तार तुटली. आपण वेळेत आलो असतो तरी मी मुक्या फोनपुढेच बसलो असतो. लायनमन आज जोडून गेला."

मी हसलो. दोघांनी चहा घेतला. तो गेला.

मग ध्यानात आलं. माझी चूक होती तोवर निदान एवढं धरून होतो, की अकरा वाजता ओवेसनं फोन केला, म्हणजे तोवर तरी तो सुखरूप होता. आता तेही माहीत नाही.

ओवेस, बाळा, फोन सुरू झालाय. लवकर कळव.